हलकी गाडी हलकीच राहू द्या: एक्सपल्स २०० वर पैसे कशावर खर्च करावेत

प्रश्न असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका मित्रानं २०२२ची एक्सपल्स २०० फोर-व्ही, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारी हिरोची मोटारसायकल, सेकंड हँड घेतली आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो. आठवडाभर ऑफिस याच गाडीवर, आणि सुट्टीला वेल्हे, पानशेत, भोर, मुळशी भागातले कच्चे रस्ते. मॉडिफिकेशनसाठी पन्नास हजार बाजूला काढलेत आणि यादीही तयार आहे: क्रॅश गार्ड, आफ्टरमार्केट सायलेन्सर, रॅली किट (लांब सस्पेन्शनचा संच), टॉप बॉक्स, फॉग लॅम्प. यातलं आधी काय करू, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर: या यादीतलं आधी काहीच करू नका. ही यादी हायवेवर फिरणाऱ्या जड टूरिंग गाडीची आहे. तुम्ही घेतलेली गाडी वेगळ्या जातीची आहे आणि तिचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. तो म्हणजे तिचं कमी वजन.

फोर-व्हीचं कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट वजन, १५८ किलो आहे. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११चं १९९ होतं. हा चाळीस किलोंचा फरक डांबरावर फारसा जाणवत नाही. पण मढे घाटाकडे जाताना ओल्या चढावर गाडी आडवी झाली, पाय घसरतोय, सोबतीला कोणी नाही, अशा वेळी ती उभी करता येते की नाही हे त्या चाळीस किलोंवर ठरतं. आता तुमची यादी बघा. पोलादी क्रॅश गार्ड पाच-सात किलो. टॉप रॅक आणि त्याची प्लेट तीन-चार. रिकामा बॉक्स आणखी चार-पाच. त्यात लोक सॅडल स्टे (बाजूच्या बॅगांना आधार देणारी चौकट) लावतात, जेरी कॅन लावतात. सामान भरण्याआधीच पंधरा-वीस किलो वाढतात आणि त्यातले बरेचसे मागच्या अॅक्सलच्याही मागे आणि उंचावर बसतात. म्हणजे हलकी गाडी घ्यायची आणि वर पैसे देऊन तिला जड करायचं.

म्हणून खर्चाच्या आधी एक काम करा. सोसायटीच्या मागं माती किंवा गवत असेल तिथं गाडी हळूच आडवी करा आणि एकट्यानं उचलून बघा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलताना ती पलीकडे कलंडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एका हातात खालची ग्रिप, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल किंवा फ्रेमचा मजबूत भाग. मग कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागं मागं छोटी पावलं टाकत उठा. ६२ किलोच्या माणसाला हे नक्की जमतं, पण पद्धत अंगवळणी पडायला हवी. पुढे गाडीवर काहीही लावलंत की हीच परीक्षा पुन्हा घ्या. उचलणं अवघड झालं तर ती वस्तू काढून टाका.

दुसरं, गाडी सेकंड हँड आहे. नवीन पार्ट लावण्याआधी जुने पार्ट कोणत्या अवस्थेत आहेत ते बघा. पहिला कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक हवेत घेऊन हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडत असेल तर बेअरिंग गेलंय. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. टकटक ऐकू आली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग तपासा. मोनोशॉकच्या (मागच्या एकुलत्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) खाली जी लिंकेज, म्हणजे सांध्यांची जोडणी, आहे तिच्याकडे सर्व्हिसिंगमध्ये सहसा कोणी बघत नाही. पावसाळ्यात वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा थेट तिथं बसतो, ग्रीस धुऊन जातं आणि पिना गंजतात. ती उघडून, साफ करून, वॉटरप्रूफ ग्रीस भरून घ्या. फोर्कचे, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे, पाइप बोटांनी चाचपा. तेलकट हात आला तर सील बदलायचं आहे, किंवा निदान सीलच्या ओठात अडकलेली माती काढायची आहे. माती काढायला पातळ प्लॅस्टिकची पट्टी पुरते, ती सीलखाली सरकवून गोल फिरवायची. तिथं स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पाइपला चरा पडला की नवं सीलही टिकत नाही.

स्पोकही बघा. पान्यानं एकेक स्पोक हलका वाजवायचा. ताठ स्पोक खणखणतो, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. दोन-चार सैल निघाले तर जुन्या, हातानं रिमचा आऊट काढणाऱ्या माणसाकडे जा. पुण्यात पेठांमधून असे कारागीर अजून आहेत. सैल स्पोकांवर खडकाळ रस्त्यानं गाडी मारली तर बाकीच्या स्पोकांवर ताण येऊन तेही तुटायला लागतात.

एवढं झालं की मग खर्चाला लागू. माझा क्रम असा: शरीर जिथं गाडीला टेकतं ते, मग टायर, मग सस्पेन्शनची सेटिंग, मग संरक्षण. यातल्या निम्म्या कामांना पैसेच लागत नाहीत.

कच्च्या रस्त्यावर उभं राहून गाडी चालवायची असते. कारण उभं राहिलं की तुमचं वजन सीटवरून फूटपेगवर येतं आणि गाडी तुमच्या खाली मोकळी हलू शकते. तुम्ही हेल्मेट-बूट घालून फूटपेगवर उभे राहा, मित्राला गाडी धरायला सांगा, गुडघे थोडे वाकवा आणि डोळे मिटून हात खाली सोडा. हात ग्रिपवर अलगद पडले तर हँडल बरोबर आहे. कमरेतून वाकावं लागत असेल तर हँडल क्लॅम्पमध्ये किंचित पुढं फिरवून बघा. पाच फूट पाच इंच उंचीला रायझरची (हँडल उंच करणाऱ्या तुकड्यांची) गरज बहुधा पडणार नाही. उंच मित्रांच्या गाड्यांवर बघून तुम्हीही लावू नका. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मात्र जवळजवळ सगळ्यांच्याच गाडीवर फार वर असतात. उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील इतके ते खाली करा. आणि लिव्हरचा क्लॅम्प ज्या जागी हँडलवर बसतो तिथं नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. मग क्लॅम्प असा आवळा की रायडिंग करताना हलणार नाही, पण हातानं जोर लावला तर फिरेल. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी क्लॅम्प फिरून जातो. पाच-दहा रुपयांच्या टेपमुळं घाटातून क्लचशिवाय परत येण्याची वेळ टळते.

ब्रेक पेडलची उंचीही उभं राहूनच ठरवा. बसून नीट लागणारं पेडल उभं राहिल्यावर बुटाखाली सापडत नाही. फूटपेगवर रबर असेल तर पावसाळ्यात काढून ठेवा.

आता टायर. पैसे घालायचे तर सर्वांत आधी इथं. पुढं ९०/९०-२१ आणि मागं १२०/८०-१८ हे माप या गाडीचं मोठं भाग्य आहे, कारण याच मापांत कच्च्यासाठी बनवलेले टायर जगभर निघतात. कंपनीकडून येणारे टायर रोजच्या रस्त्याला आणि कोरड्या मुरुमाला पुरतात, ओल्या मातीत मात्र हात टेकतात. पण तुम्ही आठवड्यातले पाच दिवस ऑफिसला जाता, तेव्हा सरसकट मोठ्या गुठळ्यांचे नॉबी टायर घेऊ नका. पावसात ओल्या काँक्रीटवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नॉबीची पकड कमी असते आणि ब्रेक लावायच्या क्षणी ते कळतं. अर्धा रस्ता-अर्धी माती अशा धाटणीचा टायर निवडा, आणि पैसे एकाच टायरचे असतील तर आधी पुढचा बदला. मागचं चाक घसरलं तर गाडी बहुतेक वेळा सावरते, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

टायर इतकंच हवेचं प्रेशर महत्त्वाचं. मॅन्युअलमधला आकडा डांबरासाठी आहे. कच्च्यावर उतरलात की प्रेशर कमी करा. तुमच्या वजनाला दोन्हीकडे वीस पीएसआयच्या आसपास पुरे. टायर पसरतो, खडीवर उड्या मारत नाही, ओल्या चढावर चिकटून राहतो. त्याहून खाली मात्र जाऊ नका, कारण ही चाकं स्पोकची आहेत, आत ट्यूब आहे आणि आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा आहे. कडक धारेच्या दगडावर वेगात चाक आदळलं की ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर पॅचनं धड बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते. परत डांबराला लागलात की हवा भरा. म्हणजे खिशात प्रेशर गेज आणि गाडीवर छोटा पंप हवाच. तुमच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा या दोन गोष्टी गाडीत जास्त फरक पाडतात.

ट्यूब बदलणं घरी शिका, भर पावसात तोरण्याच्या पायथ्याशी नको. तेही गाडीवर जी हत्यारं नेणार आहात त्याच हत्यारांनी. दुकानातल्या पान्यांनी जमलं म्हणजे रस्त्यावर जमेल असं नाही. अॅक्सलचा नट कंपनीच्या टूलकिटमधल्या पान्यानं सुटतो का ते इथंच कळेल. चाक काढलं, हवा पूर्ण सोडली, टायरची कड रिमपासून दोन्ही बाजूंनी सुटी केली, की पुढची खुबी एकच आहे: तुम्ही जिथं टायर काढायची लिव्हर लावताय त्याच्या बरोबर समोरची टायरची कड गुडघ्यानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवून ठेवा. मग लिव्हरच्या बाजूला टायरला ढील मिळते आणि कड अलगद बाहेर येते. ही गोष्ट माहीत नसली की माणूस नुसती ताकद लावत बसतो, रिमला चरे पाडतो आणि नवी ट्यूब लिव्हरखाली चिमटून फोडतो. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. आपल्याकडं देशावर हमखास बाभळीचा काटा आत रुतलेला सापडतो आणि तो राहिला तर नवी ट्यूबही जाते. फडकं अशासाठी की काट्याचं टोक बोटात जात नाही. नव्या ट्यूबला शंखजिरं लावा, ती गोल धरेल इतपत हवा भरा आणि मगच आत बसवा. टायरची शेवटची कड व्हॉल्व्हजवळ यावी अशा बेतानं चढवा.

जादा ट्यूब एकच नेणार असाल तर पुढची, २१ इंची न्या. अडीअडचणीला ती मागच्या १८ इंची चाकात घडी न पडेल अशी बसवून घरापर्यंत येता येतं. १८ची ट्यूब २१मध्ये ताणून बसवणं मात्र भरवशाचं नाही.

सस्पेन्शनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या रॅली किटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. स्टँडर्ड फोर-व्हीला पुढं १९० आणि मागं १७० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. ग्राउंड क्लिअरन्स २२०, सीट ८२५. मागच्या मोनोशॉकचं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते) दहा पायऱ्यांत कमी-जास्त करता येतं, पुढच्या फोर्कला सेटिंग नाही. सेकंड हँड गाडीत आधीच्या मालकानं प्रीलोड कुठं ठेवलंय हे बहुतेक कोणी बघतच नाही. तो नव्वद किलोचा असेल, मागं बायको आणि बॅग घेऊन फिरत असेल, तर स्प्रिंग वरपर्यंत आवळलेली असते. तुम्ही ६२ किलोचे त्यावर बसता, गाडी खाली बसतच नाही, पाय टेकत नाहीत आणि मागचं चाक दर खड्ड्याला लाथ मारतं. मग वाटतं की सस्पेन्शनच बदलायला हवं.

त्यासाठी एक टेप घ्या. गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक जमिनीपासून सुटेल असं दोघांनी धरा. अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर मागच्या पॅनेलवर एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ५७० भरलं. आता पूर्ण सामानासकट, हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसा, दोन-तीनदा वर-खाली व्हा, मित्रानं पुढून हँडल धरावं आणि तिसऱ्यानं पुन्हा तेच अंतर मोजावं. ५१५ भरलं तर फरक ५५ मिलिमीटर, म्हणजे एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. हाच सॅग, आणि तो एवढाच हवा. फरक चाळीसच्या आसपास असेल तर सी-पान्यानं प्रीलोड एकेक पायरी कमी करत पुन्हा मोजा. सत्तर भरला तर वाढवा. प्रीलोडमुळं स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, गाडी कुठल्या उंचीवर तरंगते तेवढं बदलतं. पण तुमच्या उंचीच्या माणसाला नेमकं तेच हवंय. आवळलेली स्प्रिंग योग्य जागी आणली की बसल्यावर सीट एक-दीड सेंटिमीटर खाली येते. लोअरिंगवर एक रुपयाही न घालता.

तरीही पाय टेकायची भीती वाटत असेल तर सीटच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडांचा फोम सीटवाल्याकडून थोडा उतरवून घ्या. उंचीपेक्षा सीटची रुंदी पायांना जास्त आडवी येते. लोअरिंग लिंक (गाडीची मागची बाजू खाली आणणारी जोडपट्टी) लावू नका. गाडी खाली येते पण ग्राउंड क्लिअरन्सही जातो, आणि फक्त मागची बाजू उतरली तर पुढचं हँडल हलकं आणि सुस्त होतं. आणि थांबताना दोन्ही पाय टेकवायची गरजच नसते. कूल्हा किंचित डावीकडे सरकवा आणि एकच पाय पूर्ण टेकवा. सगळे बुटके रायडर असंच करतात आणि निर्धास्त फिरतात.

आता रॅली किट. पुढं २५०, मागं २२० मिलिमीटर ट्रॅव्हल, ग्राउंड क्लिअरन्स २७०च्या घरात आणि सीट ८८५च्या आसपास. किट उत्तम आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२० साली ते ३८,००० रुपयांना आलं तेव्हा भारतात एवढ्या पैशांत एवढं लांब सस्पेन्शन मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण ते उड्या मारणाऱ्या, वेगात खडक ओलांडणाऱ्या, उभं राहूनच चालवणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही मुळशीच्या धरणाकाठानं वीस-तीसच्या वेगात जाणार, गावातून बैल आडवे आले की थांबणार, आणि सोमवारी सिग्नलला उभे राहणार. तुमचे सगळे पैसे त्यात जातील आणि गाडी रोजची राहणार नाही. दोन पावसाळे स्टँडर्डवर काढा. त्यानंतर सस्पेन्शन सारखं बॉटम होतंय, म्हणजे पूर्ण दबून आदळतंय, असं तुम्हालाच जाणवायला लागलं तर घ्या.

रॅली किटमधली एक स्वस्त गोष्ट मात्र आत्ताच घ्या: पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी, १३च्या जागी १२. गिअरिंग साधारण आठ टक्क्यांनी आखूड होतं. पहिल्या गिअरमध्ये चढावर क्लच जाळत बसावं लागत नाही, गाडी चालण्याच्या वेगानं रेंगाळू शकते. हायवेला मात्र इंजिन तेवढंच जास्त फिरतं. १९ पीएसचं इंजिन आहे, ऐंशीच्या पुढं ते तक्रार करू लागेल. रोज सातारा रस्त्यानं लांबचा प्रवास असेल तर हे करू नका. शहर आणि घाट एवढंच असेल तर जरूर करा.

चेनबद्दल एक सूचना, कारण बहुतेक गॅरेजवाले ती ताठ करून देतात. मागचं चाक वर येताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर ताठ दिसणारी चेन खड्ड्यात त्या जागी पोचली की गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर ओढ बसते. म्हणून मॅन्युअलमधल्या मापाच्या सैल बाजूला ठेवा आणि गाडीवर माणूस बसवून एकदा तपासा. चिखलातून आल्यावर चेन धुऊन, पुसून तिला नव्वद नंबर गिअर ऑइल लावलं की आपल्या हवेत पुरतं.

संरक्षणाला दोनच गोष्टी: आत अॅल्युमिनियमची पट्टी असलेले हँडगार्ड आणि इंजिनाखालची बॅश प्लेट. नुसते प्लॅस्टिकचे हँडगार्ड वारा अडवतात, पडल्यावर लिव्हर वाचवत नाहीत. कंपनीची बॅश प्लेट आधी नीट तपासा, बोल्ट सगळे आहेत का ते बघा. तुमच्या वेगाला ती पुरेल. क्रॅश गार्डबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या गाडीला नको. हळू पडण्यात हँडगार्ड आणि फूटपेग हेच आधी जमिनीला लागतात. रुंद गार्ड मात्र चाकोरीत आणि दगडांच्या खोबणीत अडकतो, पाय त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये सापडू शकतो, आणि जोराचा मार बसला तर तो मार गार्डमधून थेट फ्रेमच्या माउंटवर पोचतो. वाकलेला गार्ड बदलता येतो, माउंट फाटलं तर फ्रेमचं काम निघतं.

सायलेन्सरचा नाद सोडा. दोन-तीन किलो वाचतात हे खरं, पण बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या हिशेबानं पेट्रोल मोजलं जातं. ते बिघडवून मिळणारी ताकद तुमच्या हाताला कळणारही नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. पण मला याहून मोठं वाटतं ते वेगळंच. आपण ज्या रस्त्यांवर जातो ते कुणाच्या तरी वाडीचे, शेताचे, देवळाचे रस्ते आहेत. शांतपणे गेलेल्या गाडीला लोक वाट दाखवतात, पाणी विचारतात. फटाके फोडत गेलेल्या दोन गाड्यांमुळं पुढच्या सगळ्यांसाठी बांधावर काटेरी फांद्या पडतात, आणि अशा वाटा मी बंद होताना पाहिल्या आहेत.

टॉप बॉक्सऐवजी दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी वॉटरप्रूफ बॅगा घ्या. जड हत्यारं खाली आणि पुढं, कपडे वर. ऑफिसचा लॅपटॉप पाठीवर. फॉग लॅम्प परवडले तर नंतर लावा. रिले आणि फ्यूजसकट लावा, मूळ वायरिंगला चिमटे मारून नको.

ब्रेकचं एक सांगायला हवं. तुमच्या मॉडेलला फक्त पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. तो बंद करायचा मोड २०२३च्या मॉडेलपासून आला. सैल घसाऱ्यावरून उतरताना एबीएस पुढचा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. फ्यूज काढून फिरणारे आहेत, मी तसं करायला सांगणार नाही, कारण तोच माणूस परतीच्या ओल्या डांबरावर फ्यूज लावायला विसरतो. उतारावर पहिला गिअर, इंजिनाचा ब्रेक आणि मागच्या ब्रेकवर ताबा, यावर काम होतं. आधीपासूनच हळू राहा.

पाण्याबद्दल. ओढ्यात उतरण्याआधी चालत जाऊन बघा. चालताना पाय टिकत नसेल तर गाडीही टिकणार नाही. अॅक्सलच्या वर पाणी असेल तर मी मागे फिरतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी ओलांडत नाही, यात तडजोड नको. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत काठावर आणा, स्पार्क प्लग काढा, वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, एअर फिल्टर बघा. फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, बदला. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर इंजिन न चालवता ऑइल बदला.

काळ्या मातीच्या भागात, पुरंदर किंवा त्याच्या पुढं पूर्वेला, पहिल्या पावसानंतर दोन दिवस जाऊच नका. ती माती चाकाभोवती, स्विंगआर्ममध्ये आणि चेनवर थरावर थर बसते आणि चाक फिरायचं थांबतं. कोणताही टायर यावर उपाय नाही. इंजिनासमोरचा ऑइल कूलर चिखलानं बुजला का ते प्रत्येक थांब्यावर बघा. मऊ ब्रश आणि कमी दाबाचं पाणी, नाहीतर त्याचे फिन वाकतात. उलट कोकणातला ओला जांभा वरून खरखरीत दिसतो, पण शेवाळ धरलं की त्यावर उभंही राहवत नाही. तिथं हँडल वळवलेलं असताना ब्रेक लावू नका.

आणि सड्यांवर गाडी घालू नका. कास असो की कुठलंही बिननावाचं जांभ्याचं पठार, पावसाळ्यात तिथं दिसणारा पातळ हिरवा थर इंचभर मातीवर उगवलेला असतो, आणि त्यातल्या कित्येक वनस्पती सह्याद्रीबाहेर कुठंही नाहीत. एका चाकाची रेघ पुढची कित्येक वर्षं दिसत राहते. वनखात्याची पाटी नसली तरी रस्ता संपला तिथं गाडी लावा आणि पुढं चालत जा.

पन्नास हजारांपैकी टायर, पंप, गेज, हँडगार्ड, स्प्रॉकेट, बॅगा, जुन्या पार्टची दुरुस्ती एवढं होऊन जे उरतील त्यातून घोट्यावर संरक्षण असलेले चांगले बूट आणि गुडघ्याचे गार्ड घ्या. हळू पडताना गाडी घोट्यावरच येते आणि ट्रेकिंगचे बूट तिथं कामाला येत नाहीत. त्याहून थोडे उरले तर एखाद्या ऑफ-रोड प्रशिक्षकाकडे एक दिवस शिका. तेही शक्य नसेल तर मोकळ्या मैदानात उभं राहून, पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर एक बोट ठेवून, पाय न टेकता आठचा आकडा काढत राहा. डावीकडं जमतो आणि उजवीकडं जमत नाही असं जवळपास सगळ्यांचं होतं. उजवीकडचा जमेपर्यंत मढे घाटाकडे जाऊ नका.